जानाईच्या लाँचचं गळकं मशिन

आमच्या सांगलीकडे बोट म्हटलं की लोकांना पूर आठवतो. कृष्णामाई दारात आल्याशिवाय आम्ही कधी बोटीत बसत नाही, आणि बसायची वेळ आली की मागे घर, म्हशी, हळदीची पोती सगळं सोडून निघायचं असतं. त्यामुळे वैशाखाच्या उन्हात, नदीचं पात्र गुडघाभर झालेलं असताना, मी बोटीचं मशिन दुरुस्त करायला चाललोय असं सांगितल्यावर घरात कुणाला खरंच वाटेना. बायको म्हणाली, "पूर तर यिऊ दे की आदी." तिचंही चुकत नव्हतं. माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे आणि वैशाख म्हणजे आमचा हंगाम. लोक जळलेल्या मोटारी घेऊन दारात बसलेले असताना मी शटर ओढून निघालो होतो.

पण फोन गणपतचा होता. गणपत, बिरू आणि मी एकाच पलटणीतले. आमची पलटण नद्यांवर तरंगते पूल टाकणारी. त्या पुलांच्या बोटींना मागे जी मशिनं लावतात, ती चालती ठेवणं हे माझं काम होतं. निवृत्तीनंतर मी पंपांकडे वळलो, बिरू वडूजला आपल्या मेंढरांकडे आणि कोरडवाहू रानाकडे गेला आणि गणपत कोयनेच्या पाण्याकाठी आपल्या गावी लाँच चालवायला लागला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं हे वाचतील आणि मला पुन्हा जत्रेला बोलावणार नाहीत.

"नाना, मशिन पानी गिळतंय," गणपत फोनवर म्हणाला. "यंदा दगा दिला तर माझं काय खरं न्हाई."

त्याचं काय खरं नव्हतं ते आधी सांगायला हवं. त्यांच्या गावची देवी जानाई. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिचं जुनं देऊळ बुडालं, गाव डोंगरावर सरकलं आणि देवीलाही वर नवं देऊळ बांधलं. पण तिची धाकटी बहीण राहिली पलीकडच्या काठावर. पूर्वी थोरली वर्षातून एकदा पालखीत बसून, नदीच्या उतारातून, धाकटीकडे जेवायला जायची. आता तिथे अफाट पाणी आहे, म्हणून पालखी लाँचने जाते. तिला पार नेण्याचा मान गणपतच्या घराण्याकडे. त्याचे वडील वल्ह्याच्या नावेतून न्यायचे, हा मशिनने नेतो. वाटेत बुडालेल्या देवळाच्या बरोबर वर आलं की मशिन बंद करायचं. देवीच्या घरावरून आवाज करत जायचं नाही, हा तिथला दंडक. शांततेत पाण्यात नारळ सोडायचा, मग मशिन सुरू करून पुढे जायचं.

गेल्या वर्षी बंद केलेलं मशिन परत सुरूच झालं नाही. गणपतने खांदा निखळेपर्यंत दोरी ओढली. शेवटी संतोष नावाच्या तरुणाच्या नव्या लाँचने दोरखंड बांधून देवीला पलीकडे ओढत नेलं. देवी ओढत न्यावी लागली हे गणपतच्या जिव्हारी लागलं होतं. गावकीने यंदाची एक संधी दिली होती. या वेळीही तसंच झालं तर मान संतोषकडे जाणार होता.

वडूज

जीपमध्ये हत्यारांची पेटी, सांध्यांत बसवायच्या पॅकिंगचे पत्रे, पॉलिश पेपर आणि बायकोने दिलेला भडंगाचा डबा टाकून विट्यावरून वडूजला गेलो. विटा सोडलं की ऊस मागे राहतो आणि रानाचा रंगच बदलतो. उघडे माळ, टेकड्यांवर पवनचक्क्या, बाभळीच्या सावलीला एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहिलेली मेंढरं. आमच्याकडे पाटाचं पाणी रात्रभर रानात सुटलं तरी कुणी उठत नाही. इथे बिरूच्या अंगणात पाहुण्याने पाय धुतलेलं पाणी शेवग्याच्या आळ्यात जातं.

बिरूने हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी जेवायला घातली. मी दुसऱ्यांदा माडगं मागितलं तर त्याची बायको खूश झाली. निघताना बिरूने खांद्यावर घोंगडी टाकली आणि पाण्याचा भला मोठा कॅन जीपमध्ये चढवला.

"आरं, आपन धरनावर चाललोय," मी म्हटलं.

"म्हनून काय झालं? घरचं पानी घरचंच असतंय."

या माणसाला वाया जाणारं पाणी बघवत नाही. साताऱ्यात चहाला थांबलो तर तिथल्या बेसिनचा नळ टिपटिप गळत होता. बिरू चहा सोडून उठला, खिशातून सुतळी काढली आणि नळाचा कान असा आवळून बांधला की नंतर हात धुवायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो उघडेना. मालक आरडाओरडा करत आला. बिरू त्यालाच म्हणाला, "मालक, दोन रुपयाचं वायसर टाका की." मी पैसे देऊन त्याला बाहेर ओढलं. पलटणीतही तो असाच होता. नदीत कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहून बादली जपून वापरायचा.

कासवरून खाली

कासचं पठार फुलांसाठी प्रसिद्ध आहे, पण वैशाखात तिथे वाळलेलं गवत आणि तापलेला कातळ. फुलांचे दिवस सोडून आल्याचा फायदा एवढाच की रस्ता मोकळा होता आणि वळणावळणावर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. आम्ही इतकी खाल्ली की दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या आणि ओठ चिकट.

घाट उतरता उतरता एका वळणावर खालचं पाणी दिसलं. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं, निळंशार, टोकाचा पत्ता नसलेलं. बिरूने जीप थांबवायला लावली. खाली उतरला आणि कठड्याशी जाऊन बघत उभा राहिला. मला वाटलं, त्याला आनंद झाला असेल.

"एवढं पानी," तो शेवटी म्हणाला, "आन आमच्या रानात एक टिपूस न्हाई."

मी त्याला सांगितलं की हेच पाणी पुढे कराडला कृष्णेला मिळतं आणि जास्त झालं की आमच्या घरात शिरतं. त्यावर त्याचं म्हणणं पडलं की देवाला वाटणी करता येत नाही. गावाकडच्या भावकीत वाटण्या करून करून त्याला त्यातलं बरंच कळतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

बामणोलीच्या काठावर गणपत लाँच घेऊन आला होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं, त्यामुळे भेगाळलेल्या चिखलाच्या लांबच लांब उतारावरून पेटी खांद्यावर घेऊन जावं लागलं. मध्येच माझा एक पाय पोटरीपर्यंत रुतला. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. गणपत हसला नाही. तेव्हाच ओळखलं की माणूस काळजीत आहे. एरवी तो अशा गोष्टीवर आठवडाभर हसला असता.

गणपतच्या अंगणात

मशिन आम्ही लाँचवरून उतरवून अंगणात आणलं आणि फणसाच्या झाडाखाली लाकडी घोडीवर टांगलं. जुनं मशिन, दोन सिलिंडरचं, दोरी ओढून सुरू करायचं. अशा मशिनला थंड ठेवायला तळ्याचंच पाणी लागतं. खालचा लहानसा पंप पाणी वर ओढतो, ते इंजिनाच्या अंगातून फिरतं आणि खाली जातं. त्यातली एक बारीक धार मागच्या भोकातून सारखी बाहेर पडत असते. धार चालू म्हणजे मशिन थंड. धार थांबली की आधी मशिन बंद करायचं आणि मग विचार करायचा, असं पलटणीत आम्हाला शिकवलं होतं. पण जुनं झालं की हे पाणी आपली वाट सोडून भलतीकडे पाझरायला लागतं.

पाण्याने भरलेल्या पिंपात मशिन बुडवून सुरू केलं, तर एक गळती लगेच डोळ्यांना दिसली. वरच्या झाकणाच्या कडेने पाणी ओघळत होतं. झाकण काढलं, जुनं पॅकिंग खरवडलं, पत्र्यावर झाकण ठेवून कडेने हातोडीने हलके हलके ठोकत नवं पॅकिंग कापलं आणि बसवलं. गळती बंद. अर्ध्या दिवसात काम उरकलं म्हणून मी हात झटकून मोकळा झालो. गणपतच्या बायकोने, सुभद्रावहिनींनी, चहा आणला. त्यांना त्या मशिनचा मनापासून कंटाळा आला होता. त्यांच्या मते घरात सवत असती तरी एवढा ताप झाला नसता.

बिरूचं लक्ष मात्र मागच्या धारेवर. "आन ही गळती?"

"ती गळती न्हवं, गड्या. ती पडायलाच पायजे."

त्याला पटलं नाही. त्याने धारेखाली बादली लावली, आणि भरली की फणसाच्या बुडाशी ओतायला लागला. दुसरी बादली तो भरत असताना गणपतने मशिन बंद केलं. नारळ सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला आणि दोरी ओढली. मशिन हूं नाही की चूं नाही. परत ओढली. काही नाही. मी झटकलेले हात तसेच राहिले. गणपत उठून काठाकडे निघून गेला.

मग मी दोन्ही स्पार्क प्लग काढले आणि आत बॅटरी मारून बघितलं. एका सिलिंडरच्या पिस्टनचं डोकं काजळीने काळं, दुसऱ्याचं मात्र घासून ठेवलेल्या भांड्यासारखं लख्ख. लख्ख दिसतं तिथेच रोग असतो. मशिन चालू असताना तिथे थेंब थेंब पाणी शिरत होतं आणि वाफ होऊन काजळी धुऊन नेत होतं. बंद केलं की तेच पाणी आत साठून ठिणगी पडू देत नव्हतं. बाहेरची गळती दिसली म्हणून मी तिच्यावरच खूश झालो होतो.

हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या जाड झाकणाचं, पॅकिंग गेलं होतं. हेड खोलायला घेतलं तर गंजलेले बोल्ट हलेनात. सगळ्यांना तेल पाजलं, बत्तीने तापवलं, आजूबाजूला ठोकलं. एकेक करून निघाले, आणि शेवटचा माझ्या हातात तुटला. निम्मा पान्यात, निम्मा मशिनमध्ये. पलटणीत असताना अशा वेळी मी जे बोलायचो ते वहिनींसमोर बोलता येईना, म्हणून नुसताच लाल झालो. हेड उचलल्यावर बोल्टाचं बोटाच्या पेराएवढं खोड वर उरलं होतं. रात्रभर त्याला तेलात मुरू दिलं आणि सकाळी तापवून पकड बिरूच्या हातात दिली. बिरूने इतकी वर्षं झटापट करणारी मेंढरं मांडीखाली दाबून धरली आहेत. त्याने ते खोड जराही घाई न करता, पुढे-मागे, पुढे-मागे करत बाहेर काढलं.

तसा बोल्ट मात्र माझ्या पेटीत नव्हता, साताऱ्यापर्यंत जावं लागणार असं दिसत होतं. आम्ही त्यावर बोलत होतो तेवढ्यात संतोष आला. हाच तो नव्या लाँचवाला. उंच, लाजरा, बोलताना जमिनीकडे बघणारा. मी तो माजोरडा असेल असं धरून चाललो होतो, त्यामुळे जरा निराशाच झाली. त्याने खिशातून मूठभर बोल्ट काढून माझ्यासमोर ठेवले.

"यातला एकांदा बसतोय का बगा, नाना."

एक बसला. गणपत तिथेच होता, पण त्याने मान वर केली नाही. "चा घिऊन जा," एवढंच म्हणाला. संतोष चहा न घेताच गेला.

हेडची बैठक सपाट करायला सपाट काच हवी होती. वहिनींनी भिंतीवरची तसबीर काढली. आम्हा तिघांचा गणवेशातला फोटो होता, मिशा राखलेल्या आणि पोटं न सुटलेली. फोटो कपाटात गेला आणि काच माझ्याकडे आली. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड गोल गोल घासत बसलो. उंचवटे आधी चमकतात आणि खोलगट जागा काळी राहते. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासायचं. हे काम मला मनापासून आवडतं. वर फणस, समोर पाणी, हाताखाली हळूहळू सरळ होत जाणारा धातू. माणसाला आणखी काय पाहिजे असतं, असं मला त्या दुपारी वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. बिरू म्हणाला, "जेवान."

जेवण म्हणाल तर नाचणीची भाकरी, फणसाची भाजी आणि तळ्यातल्या माशांचं कालवण. आमच्याकडे नाचणी आजारी माणसाला आंबिलीत देतात. इथे तिच्यावर डोंगर चढतात. बिरूने मासा मटणासारखा खाल्ला आणि घशात काटा अडकवून घेतला. वहिनींनी त्याला कोरड्या भाताचे घास गिळायला लावले. काटा उतरला, पण त्या दिवसापासून तो भाजीच मागायला लागला.

आत तारेची जाळी असलेलं हेडचं पॅकिंग कापलं, बसवलं, बोल्ट मधून बाहेर फुलीच्या क्रमाने आवळले, मशिन तापवून परत आवळले. पिंपात सुरू केलं, बंद केलं, थांबलो. गणपतने दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशिन बोललं. त्याने पुन्हा बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. मग लहान पोरासारखा तोच खेळ खेळत बसला, शेवटी वहिनी आतून ओरडल्या की पेट्रोल काय झाडाला लागतंय का.

पाण्यावर

पालखी निघाली त्या सकाळी वारा होता. लाँच माणसांनी भरली. मध्ये पालखी, तिच्याभोवती बायका, पुढे ढोलवाले. मला पाहुणा म्हणून मानाने पुढच्या टोकाला बसवलं, म्हणजे नेमकं मशिनपासून सगळ्यात लांब. मागे गणपत सुकाणूला आणि त्याच्याजवळ बिरू. संतोषची नवी लाँच उरलेल्या लोकांना घेऊन थोड्या अंतरावरून येत होती. तिच्या टपावर दोरखंडाचं वेटोळं होतं. ते दिसू नये म्हणून मी दुसरीकडे बघायचं ठरवलं आणि सारखं तिकडेच बघत राहिलो.

पाणी बरंच कापून झालं होतं. मी सवयीने मागे धारेकडे नजर टाकली. धार नव्हती.

पंपात चिखल गेला असणार, आता मशिन तापणार, मी घासून घासून बसवलेलं हेड वाकणार, आणि पुढे देवळाच्या जागी बंद केलं की सगळं संपलं. मी ओरडलो. ढोलापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. मध्ये पालखी, आणि पालखी ओलांडून जायचं नसतं. मग लाँचच्या काठावरून, लोकांच्या खांद्यांना धरत, एकाच्या पायावर पाय देत आणि एका म्हातारीच्या शिव्या खात मी मागे पोहोचलो. एकदा तर पाण्यात जाता जाता वाचलो.

बघतो तर धारेच्या भोकात कापडाचा बोळा ठासून भरलेला. उपसून काढला तशी कोंडलेली धार थेट माझ्या तोंडावर आली. पाणी कोमट होतं. वाफ नव्हती. मी तिथल्या तिथे खाली बसलो.

"कुनी घातला ह्यो?" मी विचारलं, तरी उत्तर माहीत होतं.

"म्या," बिरू म्हणाला. "वाऱ्यानं मशिनचं सांडपानी देवीच्या अंगावर उडत हुतं. बगवंना."

"आरं, मशिन तापलं असतं म्हंजी? धार दिसंना तर कळनार कसं आत काय चाललंय ते?"

"मग देवीला भिजू द्यायची व्हय?"

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावून बिरूचीच बाजू घेतली. गणपत सुकाणूवरून म्हणाला, "भांडू नगा रं, काय तरी करा." तेव्हा बिरूने खांद्यावरची घोंगडी उघडली, दोन्ही हातांनी धार आणि पालखी यांच्या मध्ये धरली आणि उरलेला सगळा रस्ता तसाच उभा राहिला. घोंगडी भिजून जड झाली, पण त्याने देवीवर एक शिंतोडा उडू दिला नाही. माझा राग किती वेळ टिकणार!

मग ती जागा आली. दिसायला तिथे काहीच नाही. चहूकडे आहे तसंच पाणी. पण पुजारी समोरच्या दोन डोंगरांची टोकं एका रेषेत आलेली बघून हात वर करतो. ढोल थांबले. गणपतने मशिन बंद केलं.

एवढी शांतता मी फार वर्षांनी ऐकली. लाँच जराशी डोलत होती. बायकांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावले. मघाशी शिव्या देणाऱ्या म्हातारीने वाकून पाण्यात बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आमची चूल हितंच कुटंतरी हाय." पुजाऱ्याने नारळ सोडला. तो बुडाला, वर आला आणि तरंगत दूर जायला लागला. मला अगदी मनापासून देवीला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले. काही अंशी पॅकिंगसाठी होतं ते, खोटं कशाला बोलू.

गणपतने दोरी ओढली. काही नाही.

पुन्हा ओढली. मशिन खोकलं आणि गप्प झालं. संतोषची लाँच वाऱ्याने जवळ आली होती. तो दोरखंडाजवळ उभा होता, पण त्याला हात लावत नव्हता. आमच्याकडे बघतही नव्हता. मी दोरी ओढायला हात पुढे केला, तर गणपतने तो बाजूला सारला. मान ज्याचा, त्यानेच ओढायचं असतं. त्याचा दुखरा खांदा एका अंगाला पडला होता.

"पेट्रोल जास्ती झालंय आत," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "चोक आत ढकल. थ्रॉटल निम्मं. आता वढ."

त्याने डोळे मिटले, पाय रोवला आणि ओढली. मशिन सुरू झालं.

लोकांनी असा जयघोष केला की मशिन चालू आहे हे धारेकडे बघूनच कळत होतं. बिरूने घाईघाईने घोंगडी पुन्हा आडवी धरली. गणपत सुकाणू धरून ताठ उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

धाकटीच्या दारात

धाकट्या देवीच्या गावाने पालखीला पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि आम्हाला भात, आमटी आणि गुळाची खीर वाढली. बहिणी बहिणींची ओटी भरली गेली. त्यानंतर पुजारी मानाचा नारळ देतो. देवी ज्याच्या नावेतून आली त्याला तो मिळतो, आणि पुढच्या वर्षी तिला तोच आणणार हे त्यानेच ठरतं. यंदा नारळ कुणाचा याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. पुजाऱ्याने गणपतच्या ओंजळीत नारळ ठेवला. गणपतने तो कपाळाला लावला आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या संतोषला हाक मारली.

"फुडच्या साली देवी तुझ्या लाँचीत," तो म्हणाला आणि नारळ त्याच्या हातात दिला.

संतोष गोंधळला. पहिल्यांदाच जमिनीवरची नजर वर करून म्हणाला, "आवं काका, पन तुमचं मशिन तर सुरू झालं की!"

"झालं म्हनूनच देतोय."

संतोषने वाकून त्याचे पाय धरले. सुभद्रावहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मशिनच्या नावाने बोटं मोडणाऱ्या त्या बाईने पदर डोळ्यांना लावला आणि तिकडे पाठ केली.

पालखी आणि गावकरी रात्री धाकटीकडेच मुक्कामाला राहिले, त्यामुळे परतीच्या वाटेवर लाँचमध्ये आम्ही तिघं आणि वहिनी असे चौघंच होतो. बिरूची घोंगडी टपावर वाळत पडली होती. माझ्या मनात मात्र धुसफूस चालली होती. ऐन हंगामात दुकान बंद ठेवलं, चप्पल चिखलाला वाहिली, हेड घासून घासून बोटांची सालं काढली, ती काय मान देऊन टाकायला?

"पोरं मुंबईला," गणपत आपणहून म्हणाला. "ह्यो खांदा आनी किती वर्सं वढंल? कवातरी द्यायचाच हुता. पन गेल्या साली गेला असता तर तो लोकांनी काडून घ्येतला असता, नाना. तसा न्हवता द्यायचा मला."

"मग हे मला फोनवरच सांगायचं हुतं."

आम्ही आल्यापासून गणपत पहिल्यांदाच मोकळा हसला.

"सांगितलं असतं तर तू निम्म्या मनानं पॅकिंग कापलं असतंस."

मी मागच्या धारेकडे बघितलं. कापलं असतं.